बोजा चढला, बोजा उतरला : आपल्या घरांच्या कर्जाची आणि विम्याची हकिगत

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा" असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा मला वाटलं की पाण्याची टाकी, लिफ्ट, गणपती आणि पहिली कार्यकारिणी यांवर लिहायला पुष्कळ जण आहेत. मी पहिली अकरा वर्षं खजिनदार होतो. माझा संबंध कागदांशी. म्हणून ऑफिसमधलं जुनं लोखंडी कपाट उघडलं आणि दप्तर खाली घेऊन बसलो.

सगळ्यात जाड फाइल निघाली बँकांच्या पत्रांची. १९९९ ते २००२ या काळातली ही पत्रं. मजकूर जवळजवळ एकच: अमुक सभासदाला आम्ही गृहकर्ज दिले आहे, तरी त्यांच्या फ्लॅटवर आणि शेअर सर्टिफिकेटवर आमच्या बोजाची नोंद घ्यावी, आणि आमच्या ना हरकत दाखल्याशिवाय हस्तांतर करू नये. आपल्या ४८ फ्लॅटपैकी ३९ जणांची अशी पत्रं आहेत. म्हणजे आपण सगळे वास्तुशांतीला पेढे वाटत होतो तेव्हा जवळजवळ प्रत्येक घर बँकेकडे गहाण होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्यासारख्या नोकरदारांना घर मिळालं ते कर्जामुळेच.

पण त्याच फाइलमध्ये एक पत्र असं सापडलं की मी बाकीचं दप्तर तसंच ठेवून उठलो. त्या पत्राबद्दल पुढे लिहितो. आधी मागचं थोडं सांगायला हवं, कारण आपण २००० साली जे केलं ते का केलं, हे त्याशिवाय कळणार नाही.

घर कर्जावर कधीपासून?

सहकारी गृहनिर्माण ही कल्पना आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. त्यामागे राव बहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांची खटपट होती. पण सहकार असला तरी पैसा कुठून आणायचा हा प्रश्न सुटला नव्हता. आपल्या वडिलांच्या पिढीत घर म्हणजे निवृत्तीनंतरची गोष्ट. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बायकोचे दागिने, गावच्या जमिनीचा तुकडा विकून आलेले पैसे, थोडी पतपेढी असं सगळं गोळा करून साठाव्या वर्षी दोन खोल्या व्हायच्या. सरकारी नोकराला घरबांधणी अग्रिम मिळायचा. खासगी नोकरीतल्या माणसाने बँकेत घरासाठी कर्ज मागितलं तर मॅनेजर त्याच्याकडे बघत राहायचा.

हे बदललं १९७७ साली. हसमुखभाई पारेख यांनी निवृत्तीच्या वयात एचडीएफसी ही फक्त घरासाठी कर्ज देणारी कंपनी मुंबईत काढली आणि पुढच्या वर्षापासून कर्जवाटप सुरू झालं. १९८८ मध्ये नॅशनल हाउसिंग बँक स्थापन झाली, १९८९ मध्ये विमा महामंडळाचीही गृहकर्ज देणारी वेगळी कंपनी निघाली, आणि नव्वदच्या दशकात बँकाही या धंद्यात उतरल्या. पस्तिशीतल्या माणसाला पंधरा वर्षांच्या हप्त्यावर घर मिळू लागलं.

यात एक मोठा बदल होता, तो तेव्हा आमच्या कुणाच्या लक्षात आला नाही. साठाव्या वर्षी पुंजीतून घर घेणारा माणूस उद्या गेला तरी घर राहत होतं. पस्तिसाव्या वर्षी कर्ज काढून घर घेणारा गेला, तर कर्जही मागे राहत होतं. वडिलांच्या पिढीला जो धोका नव्हता तो आपण घेतला होता. पण विम्याबद्दलचे विचार मात्र वडिलांच्याच पिढीचे ठेवले.

विमा म्हणजे बचत, हे डोक्यात कसं बसलं?

हिंदुस्थानातली पहिली आयुर्विमा कंपनी, ओरिएंटल, १८१८ साली कलकत्त्यात निघाली. ती मुख्यतः इंग्रजांसाठी. त्या काळच्या विलायती कंपन्या हिंदी माणसाचा विमा घ्यायला नाखूश असत, घेतलाच तर जादा हप्ता लावत. १८७० साली मुंबईत बॉम्बे म्युच्युअल निघाली आणि तिने आपल्या लोकांचा विमा नेहमीच्या दराने घेतला. १८७४ मध्ये विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. नवऱ्याने बायकोमुलांच्या नावे काढलेल्या पॉलिसीवर त्याच्या सावकारांचा हक्क चालणार नाही, असं त्यात कलम आहे. हे संरक्षण आपल्या भागातल्या हिंदू कुटुंबांना १९२३ पासून स्पष्टपणे मिळालं. कर्ज, मृत्यू आणि विधवेचं घर यांचा विचार दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी केला होता, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

पुढे खूप कंपन्या निघाल्या, काही बुडाल्या, लोकांचे पैसे गेले. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. हे आपल्या रायगड जिल्ह्यातले. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, म्हणून मराठी घरांत त्यांचं नाव आदराने घेतलं जातं. १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ सुरू झालं. देशी, परदेशी आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्था त्यात विलीन झाल्या.

महामंडळाने विमा गावोगाव नेला, आणि पैसे बुडणार नाहीत हा विश्वास दिला. हे फार मोठं काम होतं. पण खेडोपाडी विमा न्यायचा तर मरणाच्या गोष्टी करून चालत नाही. दारात बसलेल्या माणसासमोर "तुम्ही गेलात तर" असं म्हटलं की घरातली म्हातारी "शुभ बोल रे नाऱ्या" म्हणून उठून जायची. त्यामुळे एजंट मुलीच्या लग्नाचं बोलायचा, मुलाच्या शिक्षणाचं बोलायचा, वीस वर्षांनी बोनससकट हातात येणाऱ्या रकमेचं बोलायचा. पगारातून हप्ता कापायची सोय झाली. आयकराच्या सवलतीमुळे मार्च महिना हा विम्याचा हंगाम झाला. असं करत करत विमा म्हणजे सक्तीची बचत, हे आपल्या हाडीमाशी खिळलं. मुदतीचा साधा विमा, म्हणजे माणूस गेला तर पूर्ण रक्कम आणि राहिला तर काही नाही, तेव्हाही होता. कर्जाबरोबर कमी होत जाणारी पॉलिसीही महामंडळाकडे होती. पण ती कुणी मागत नसे आणि कुणी सुचवतही नसे. "राहिलो तर काही नाही" हे मराठी नोकरदाराला पटतच नसे. मलाही पटत नव्हतं.

मार्च २०००

आता ते पत्र. सी विंगमधले आमचे एक मित्र होते. नाव लिहीत नाही. जुन्यांना कळेल, नव्यांना कळायची गरज नाही. वय ३८, एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत सुपरवायझर. घरी बायको, दहा वर्षांची मुलगी, धाकटा मुलगा. कर्ज पाच लाख, पंधरा वर्षं, दर १३ टक्के ठरलेला. हप्ता ₹६,३२६. पहिला हप्ता जानेवारी २००० चा.

मी वीज कार्यालयात अकाउंट्सला होतो, त्यामुळे सोसायटीत माझी "आकड्यांचा माणूस" अशी ख्याती. एका रविवारी ते माझ्याकडे आले. म्हणाले, "बँकेतला साहेब म्हणतो, कर्जाएवढा साधा मुदतीचा विमा काढून ठेवा. पण त्यात परत काही मिळत नाही म्हणे. काय करू?"

मी म्हणालो, "मग कशाला? पैसे पाण्यात घालायचेत का? त्यापेक्षा मनी बॅक घे. दर पाच वर्षांनी पैसे हातात येतील, ते कर्जाला लाव."

त्यांनी माझं ऐकलं. एक लाखाची, वीस वर्षांची मनी बॅक घेतली. तिला वर्षाला जेवढा हप्ता जात होता, त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत त्यांना पाच लाखांचा मुदतीचा विमा मिळाला असता. हा हिशोब मी तेव्हा केला नाही. आकड्यांचा माणूस असून केला नाही. २००५ साली मनी बॅकचे वीस हजार आले. ते कर्जाला लागले नाहीत, त्यातून गॅलरीला ग्रिल लागली. आम्ही सगळे ती बघायलाही गेलो होतो.

जुलै २००७ मध्ये ते हार्ट अटॅकने गेले. पहाटे, घरातच. वय ४५.

मला सापडलेलं पत्र त्यानंतरच्या महिन्यातलं आहे. बँकेने सोसायटीला कळवलं होतं की सदर सभासदाच्या खात्यावर सुमारे तीन लाख बासष्ट हजार रुपये येणे आहेत, बोजा कायम आहे, वारसांच्या नावे हस्तांतर करू नये. खाली माझी सही: "नोंद घेतली."

साडेसात वर्षं भरूनही इतकं कसं?

हा प्रश्न तेव्हा वहिनींनी मला विचारला होता. "भाऊ, अर्धी वर्षं झाली ना हो? मग अर्धं कर्ज फिटायला नको?" मी उत्तर दिलं, पण नीट दिलं नाही. आज देतो.

पाच लाखांवर १३ टक्के म्हणजे पहिल्या महिन्याचं व्याजच ₹५,४१७. हप्ता ₹६,३२६. म्हणजे मुद्दल फिटलं फक्त ₹९०९. सुरुवातीची वर्षं आपण बहुतेक व्याजच भरतो. त्यामुळे पाच वर्षांनी शिल्लक राहतं साधारण ४ लाख २४ हजार. साडेसात वर्षांनी, म्हणजे निम्म्या मुदतीनंतर, ३ लाख ६२ हजार. दहा वर्षांनी, दोन तृतीयांश मुदत उलटल्यावरही, २ लाख ७८ हजार. म्हणजे निम्म्याहून जास्तच. मुलांची शिक्षणं आणि आईवडिलांची आजारपणं याच काळात येतात, आणि कर्जाचं ओझंही नेमकं तेव्हाच जड असतं.

विम्याचा दावा मंजूर व्हायला फार त्रास झाला नाही. एक लाख आणि बोनस मिळून सव्वा लाखाच्या आसपास आले. ते सगळे कर्जात भरले. उरले २ लाख ३७ हजार. प्रॉव्हिडंट फंडाला हात लावायचा नाही, तो मुलांसाठी, असं वहिनींनी ठरवलं. हप्ता तोच ठेवला. साडेसात वर्षांचं कर्ज चार वर्षांवर आलं.

ही चार वर्षं कशी गेली ते सी विंगने पाहिलं आहे. वहिनींनी पोळी-भाजीचे डबे सुरू केले. पहाटे चारला त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा लागायचा. मुलगी तेव्हा सतरा वर्षांची, इंजिनिअरिंगला जायचं म्हणत होती. ती कॉल सेंटरला रात्रपाळीला लागली आणि बी.कॉम. बाहेरून केलं. २०११ च्या डिसेंबरात बँकेचं शेवटचं पत्र आलं, बोजा उतरवावा म्हणून. मी तेव्हा खजिनदार म्हणून शेवटची काही कामं उरकत होतो, त्यातलं हे एक. वहिनींना शेअर सर्टिफिकेट द्यायला मी स्वतः गेलो. त्यांनी चहा केला, सर्टिफिकेट देवापुढे ठेवलं. मी काही बोललो नाही.

पाच लाखांचा मुदतीचा विमा असता तर त्या ऑगस्टमध्येच कर्ज फिटलं असतं आणि वर १ लाख ३८ हजार हातात राहिले असते. मुलीच्या पहिल्या काही वर्षांच्या फीला पुरले असते.

हा लेख लिहायच्या आधी मी वहिनींना विचारलं. २००० सालच्या त्या रविवारबद्दलही पहिल्यांदाच सांगितलं. त्यांना ते माहीत होतं. यजमानांनी त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं. इतकी वर्षं त्यांनी एका शब्दाने काढलं नाही. म्हणाल्या, "लिहा भाऊ. पण आकडे लिहा. नुसतं वाईट वाटलं असं लिहू नका. त्याने कुणाचं काही होत नाही."

म्हणून आकडे लिहिले आहेत.

ही चूक एकट्या आपल्या देशात झाली असंही नाही. इंग्लंडमध्ये १९८० च्या दशकात लाखो लोकांनी असं घर घेतलं की कर्जाचं फक्त व्याज भरायचं आणि शेजारी एक बचतीची पॉलिसी चालवायची, तिच्या मुदतीअंती येणाऱ्या पैशांतून मुद्दल फेडायचं. पुढे पॉलिसीत अपेक्षेएवढे पैसे जमले नाहीत आणि असंख्य कुटुंबांचं मुद्दल अंगावर राहिलं. तिथे मृत्यूचा विमा पुरेसा होता, फसली ती बचत. आपल्याकडे बचत ठीक होती, विमा पुरला नाही. पण मूळ घोळ एकच. दोन वेगळी कामं एका पॉलिसीवर टाकली.

त्यानंतरची पिढी

२००० च्या सुमाराला विम्याचं क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालं. हळूहळू मुदतीचा विमा स्वस्त झाला, लोकांना कळू लागला. आपल्या सोसायटीत २०१० नंतर बरेच फ्लॅट विकले गेले, तरुण जोडपी आली. त्यांची कर्जं तीस-चाळीस लाखांची. त्यांचा घोळ वेगळाच. त्यांना विमा घ्यायला सांगावं लागत नाही. तो बँकेच्या टेबलावरच गळ्यात पडतो.

कर्जाच्या कागदांबरोबर एकरकमी हप्त्याची पॉलिसी पुढे येते. "आत्ता काही भरायचं नाही, कर्जातच धरू" असं सांगतात. समजा हा हप्ता एक लाख आहे आणि कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं. तर त्या एका लाखापोटी दरमहा ₹८६८ जातात, वीस वर्षांत साधारण २ लाख ८ हजार. आणि हा विमा बहुधा कर्जाबरोबर उतरत जाणारा असतो. घ्यावा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. तब्येतीमुळे दुसरीकडे विमा मिळत नसेल तर तो उपयोगाचाही ठरतो. पण विमा घेतल्याशिवाय कर्ज नाही, असा रिझर्व्ह बँकेचा किंवा विमा नियामकाचा कुठलाही नियम नाही, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

उतरत्या विम्यात आणखी एक गोम आहे. रक्कम कशी उतरणार याचा तक्ता पहिल्या दिवशीच ठरतो. कर्ज मात्र त्या तक्त्याप्रमाणे चालतंच असं नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. हप्ता वाढू नये म्हणून बँकांनी अनेकांची मुदत वाढवली. म्हणजे कर्ज हळू उतरतंय आणि विमा आपल्या जुन्या वेगाने उतरतोय. मधली फट कुटुंबाच्या अंगावर.

ए विंगमधल्या एका जोडप्याने २०१६ ला घर घेतलं. बँकेचा असा विमा होता. २०१९ ला कमी व्याजासाठी कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं. नव्या बँकेचं पत्र घेऊन तो मुलगा ऑफिसात आला, तेव्हा मी सहज विचारलं, "विम्याचं काय केलंस?" तो म्हणाला, "काका, तो तर आहेच की." चौकशी केली तर जुनं कर्ज बंद झाल्याबरोबर तो विमाही संपला होता, उरलेल्या मुदतीचे थोडे पैसे खात्यात जमा झाले होते आणि ते त्याच्या ध्यानातही नव्हते. त्याने महिन्याभरात स्वतंत्र मुदतीचा विमा घेतला. पन्नास लाखांचा, वयाच्या साठीपर्यंत. कर्ज होतं ३१ लाख.

२०२१ च्या एप्रिल-मे मध्ये आपल्या सोसायटीवर काय वेळ आली होती ते सांगायला नको. तो मुलगा त्यात गेला. त्याच्या बायकोने दावा केला, पैसे आले, बँकेचं कर्ज एका चेकने फिटलं. बोजा उतरवण्याचं पत्र त्याच वर्षी दिवाळीच्या आधी आलं. दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. पण ती आजही त्याच घरात राहते, नोकरी करते, आणि तिच्या मुलाची शाळा बदललेली नाही.

एकाच फाइलमध्ये बोजा उतरवण्याची ही दोन पत्रं आहेत. एक मृत्यूनंतर साडेचार वर्षांनी आलेलं, एक सहा महिन्यांच्या आत.

नवीन सभासदांसाठी, थोडक्यात

मी विम्याचा एजंट नाही आणि सल्लागारही नाही. एकदा सल्ला दिला, तो पुरला. म्हणून आता सल्ला देत नाही, विचारायचे प्रश्न तेवढे देतो.

पहिला: विमा कर्जाएवढा आहे का, आणि कर्ज संपेपर्यंत आहे का? दोन्ही हवं. रक्कम कायम राहणारी असली तर कर्ज फिटून उरलेले पैसे घराला मिळतात. उतरती असली तर फक्त बँकेचं भागतं.

दुसरा: हप्ता कुणाच्या पगारातून जातो? दोघांच्या जात असेल तर विमा दोघांचा हवा. आपल्याकडे अजूनही फक्त नवऱ्याचा काढतात. बायकोचा पगार थांबला तर बँक अर्धा हप्ता माफ करत नाही.

तिसरा: पैसे कुणाच्या हातात येणार? पॉलिसी बँकेकडे असाइन केली असेल तर आधी बँक आपलं येणं घेते. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली काढली असेल तर रक्कम बायकोमुलांची, इतर देणेकऱ्यांना तिला हात लावता येत नाही. मात्र हे पॉलिसी काढतानाच ठरवावं लागतं, आणि गृहकर्जासाठी घर गहाण असतंच, ते पैसे भरूनच सोडवायचं असतं.

चौथा: फॉर्म कुणी भरला? साखर, रक्तदाब, तंबाखू, जे असेल ते स्वतः लिहा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षं उलटलेली पॉलिसी कंपनीला वादात ओढता येत नाही, पण त्या तीन वर्षांत लपवलेली गोष्ट निघाली तर दावा अडू शकतो. एजंटच्या भरवशावर कोऱ्या फॉर्मवर सही करू नका.

पाचवा, हा आपल्या सोसायटीचा: नॉमिनेशन केलंय का? आजही काही सभासदांचे फॉर्म कोरे आहेत. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांचा हक्क वेगळा असतो, हे खरं. पण नॉमिनी असला तर सोसायटीला कुणाशी बोलायचं ते कळतं आणि कागद पुढे सरकतात.

आणि शेवटचं: हे सगळं घरात कुणाला माहीत आहे का? पॉलिसी नंबर, कर्जाचा खाते नंबर, कागद कुठे ठेवलेत, एवढं एका वहीत लिहून घरच्यांना दाखवून ठेवा. २०२१ मध्ये ए विंगचा दावा लवकर झाला, कारण त्या मुलाने कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला होता.

विमा घ्याच, अशी सक्ती सोसायटी करू शकत नाही आणि करूही नये. पण गेल्या वर्षीपासून बँकेचं बोजाचं पत्र नोंदवून घेताना आपले सेक्रेटरी सभासदाच्या हातात हे सहा प्रश्न छापलेला कागद देतात. उत्तरं ऑफिसला द्यायची नाहीत, घरी जाऊन एकमेकांना द्यायची.

पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या ३९ पत्रांपैकी ३९ च्या ३९ बोजे आज उतरले आहेत. फाइल मी परत कपाटात ठेवली. तिच्या शेजारी नवीन फाइल आहे, नवीन सभासदांच्या बोजांची. ती जुनीपेक्षा पातळ आहे, पण आतले आकडे फार मोठे आहेत.